फियाट घ्यायची, पण कोणत्या सालची?

तेहेतीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. मुलांची कायम एकच तक्रार असायची, "सर, सनावळ्या कशाला पाठ करायच्या?" मी म्हणायचो, अरे बाबांनो, साल म्हणजे खुंटी असते. खुंटी नसली तर सदरा टांगणार कुठे? मुलांना ते फारसे पटत नसे. पण जुनी मोटार घ्यायला निघालेला माणूस पाहा. शाळेत सनावळ्यांना नाके मुरडणारा तोच मुलगा पन्नाशीत मोटारीपाशी उभा राहिला की पहिला प्रश्न विचारतो, "कोणत्या सालची?"

परदेशात हा प्रश्न फार गंभीरपणे घेतात. जग्वार कंपनीची 'ई-टाइप' ही इंग्रजांची लाडकी स्पोर्ट्स कार १९६१ साली आली. १९६४ च्या अखेरीस तिला मोठे इंजिन, चांगला गिअरबॉक्स आणि बसायला बऱ्या सीट मिळाल्या. देखण्या रूपासाठी पहिली घ्यावी की चालवायला सुखाची म्हणून दुसरी, यावर तिकडचे शौकीन साठ वर्षे भांडत आहेत. एमजीबी नावाच्या दुसऱ्या गाडीची गोष्ट तर इतिहासाच्या पुस्तकात घालावी अशी आहे. अमेरिकेतल्या सुरक्षेच्या नियमांमुळे १९७४ साली तिचे चकचकीत क्रोमचे बंपर गेले, काळे रबरी आले आणि गाडीची उंचीही वाढवावी लागली. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये कायदा झाला आणि इंग्लंडमधल्या मोटारीचा चेहरा बदलला! शौकीन आजही विचारतात, क्रोमवाली की रबरवाली? प्रश्न मोटारीचा वाटतो, पण तो असतो एका कायद्याच्या आधीचा की नंतरचा, असा.

आपल्याकडे स्पोर्ट्स कार आमच्या पिढीने पाहिली ती कॅलेंडरवर. इकडे दारात मोटार असणे हीच मुळात शर्यत जिंकल्यासारखी गोष्ट होती. तेव्हा आपली जुनी, जिवाभावाची मोटार म्हणाल तर ती फियाट. पनवेलच्या माणसाला तर ती फार जवळची, कारण ती तयार होत होती इथून काही कोसांवर, कुर्ल्याला. माझा भाचा गेली दोन वर्षे अशी एक जुनी फियाट शोधत होता, आणि मामा इतिहासाचे मास्तर म्हणून सालाचा निवाडा माझ्याकडे आला. त्यानिमित्ताने जे वाचले, आठवले, ते आज सांगतो.

सुरुवात करायची तर सोलापूरच्या वालचंद हिराचंदांपासून करावी लागेल. आपण खंडाळ्याच्या घाटातून रेल्वेने पुण्याला जातो तेव्हा ज्या बोगद्यांतून जातो, त्यांतले काही खोदण्याचे काम १९२० च्या दशकात त्यांनी केले होते. पुढे जहाजे, विमाने आणि मोटारी, तिन्ही भारतात व्हाव्यात असा ध्यास त्यांनी घेतला. मोटारीच्या कारखान्याची कल्पना सर विश्वेश्वरय्या आधीपासून मांडत होते. इंग्रज सरकारला त्यात काडीचा रस नव्हता. तरीही १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्याहून अमेरिकन बनावटीच्या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. मग इटलीच्या फियाटशी संबंध जुळला आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी छोटी 'फियाट ५००' इथे जोडली जाऊ लागली.

पुढचे साल महत्त्वाचे, १९५३. त्या वर्षी टॅरिफ कमिशनने असा निर्वाळा दिला की परदेशातून सुटे भाग आणून नुसते जोडणारे कारखाने नकोत, जे टप्प्याटप्प्याने भाग इथेच तयार करतील त्यांनीच राहावे. जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून शिवडीला होता, फोर्डही होती. दोघांनीही गाशा गुंडाळला. मैदान मोकळे झाले ते प्रीमियर, कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड या मोजक्या कंपन्यांसाठी. पुढची तीस वर्षे भारतीय माणसाला मोटार निवडताना जे दोन-तीनच पर्याय दिसले, त्याचे मूळ या निर्णयात आहे. वालचंदांचे निधनही १९५३ चेच. पुढचा सगळा खेळ पाहायला ते राहिले नाहीत.

१९५४ साली 'फियाट ११००' आली. गोलमटोल अंगाची, पुढची दारे उलट्या बाजूने उघडणारी. आपल्या लोकांनी तिचे बारसे लगेच केले, 'डुक्कर फियाट'! तुच्छतेने नव्हे हो, प्रेमाने. ज्याच्या घरी ती असे तोही अभिमानाने सांगायचा, आमची डुक्कर आहे म्हणून. आज ही गाडी क्वचितच दिसते, आणि दिसली तरी तिचे दार-काच मिळवताना मालक मेटाकुटीला येतो. भाच्याच्या यादीतून ती पहिल्या फेरीतच गेली.

त्यानंतरचे साल १९६४. 'फियाट ११०० डी', जिला 'डिलाइट' म्हणत. आपल्या डोळ्यांसमोर फियाट म्हणून जी चौकोनी, नीटनेटकी गाडी उभी राहते, ती ही. इथे एक बारीक गंमत आहे. इटलीत याच गाडीला १२२१ सीसीचे इंजिन होते. आपल्याकडे अंग नवे आले, पण इंजिन जुनेच, १०८९ सीसीचे राहिले. सुमारे चाळीस अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. शेवटपर्यंत बहुतेक गाड्यांत हाच संसार होता. बोरघाट चढताना बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या फियाट आणि हातात पाण्याचा डबा घेतलेले त्यांचे मालक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मी काय वेगळे सांगू?

१९६४ च्या मॉडेलला एक मोठा माणूसही लाभला. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले तरी त्यांच्याकडे स्वतःची मोटार नव्हती. फियाटची किंमत होती बारा हजार रुपये, खात्यात होते सात हजार. उरलेल्या पाच हजारांसाठी देशाच्या पंतप्रधानाने पंजाब नॅशनल बँकेत कर्जाचा अर्ज केला. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला ते गेले तेव्हा कर्ज फिटलेले नव्हते. ललिताबाईंनी पुढे पेन्शनमधून ते फेडले. ती गाडी दिल्लीला त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे. ही हकिगत मी वर्गात सांगायचो तेव्हा वर्ग एकदम शांत व्हायचा.

नंतरची दहा वर्षे म्हणजे टंचाईचा काळ. पैसे भरून नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. १९६९ साली सरकारने मोटारींच्या किमतींवर नियंत्रण आणले, कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, किंमत कशी काढावी यावर खल झाला. अशातच फियाटबरोबरचा करार संपला. १९७२ साली गाडीचे नाव झाले 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि दोनेक वर्षांत 'प्रीमियर पद्मिनी'. चितोडच्या राणीचे नाव, जिची कथा मलिक मुहम्मद जायसीने १५४० च्या सुमारास 'पद्मावत' काव्यात गुंफली. तुरिनहून आलेली सून अशी नाव बदलून घरची झाली. पण सासरच्या माणसांनी शेवटपर्यंत तिला माहेरच्याच नावाने हाक मारली. टॅक्सीवाल्याला कोणी "पद्मिनी खाली आहे का?" असे विचारल्याचे मी तरी ऐकले नाही. फियाट ती फियाटच.

आम्हा पनवेलकरांना या सुमाराची खूण वेगळीच आहे. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला. तोवर मुंबईहून मोटारीने पनवेलला यायचे म्हणजे ठाणे, मुंब्रा, शिळफाटा असा वळसा. पूल झाला आणि रविवारी सकाळी गावात मुंबईच्या फियाट दिसू लागल्या. कर्नाळ्याला जाणाऱ्या, पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला लागणाऱ्या. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. सायकलवरून शाळेत जाताना त्यांना वाट करून द्यायचो.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि खेळ बदलला. हलकी, जपानी, भराभर पळणारी. प्रीमियरने १९८५ मध्ये '११८ एनई' काढली, पद्मिनीत डिझेल इंजिन बसवले, अगदी शेवटी 'एस-१' मध्ये गिअर स्टिअरिंगवरून उतरवून खाली मजल्यावर आणला. पण वेळ निघून गेली होती. २००० च्या सुमारास पद्मिनी बंद पडली. तिला जिवंत ठेवले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही.

या तारखेत इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे काही आहे. उत्पादन थांबले २००० च्या सुमारास आणि शेवटची नोंदणी २००३ ची. म्हणजे गाडीला साले दोन असतात, एक जन्माचे आणि एक शाळेत नाव घातल्याचे. आपल्या पिढीतल्या बहुतेकांच्या जन्मतारखांसारखेच! आरसी बुकात दोन्ही लिहिलेली असतात. विकणारा त्यातले त्याला सोयीचे सांगतो, घेणाऱ्याने दोन्ही वाचावीत. नंबरपाटीवरूनही अंदाज येतो. आजची 'एमएच' ने सुरू होणारी पद्धत १९८९ ची आहे. त्याआधी तीन अक्षरे आणि पुढे आकडे असत. 'एमएच ०६' म्हणजे रायगड, आणि त्यातून पनवेलला वेगळे काढून दिलेला 'एमएच ४६' तर अगदी अलीकडचा.

आता भाच्याचे सांगतो. त्याने वेळेआधी निवृत्ती घेतली आहे. हातात आलेल्या पैशांतून मुलीच्या शिक्षणाचे बाजूला काढून जे उरले, त्यात ही गाडी बसवायची होती. घरात त्यावरून दोन-तीनदा भांड्याला भांडे लागले. सुनबाईंचे म्हणणे अगदी रास्त होते, "मामा, शोभेला गाडी नको. आईंना डॉक्टरांकडे तरी नेता आली पाहिजे." आई म्हणजे माझी थोरली बहीण. वय ब्याऐंशी, गुडघे दुखतात, पण बाणा कायम.

हट्ट फियाटचाच का, ते सांगायला हवे. माझे मेहुणे, भाच्याचे वडील, कुर्ल्याच्या कारखान्यात कामाला होते. १९६९ साली लागले. आठवडाभर कुर्ल्याच्या चाळीत राहायचे, शनिवारी रात्री एसटीने पनवेलला यायचे. काम दारे बसवायचे. १९८४ साली त्यांना स्टोअरमध्ये घेतले, तिथूनच ते निवृत्त झाले. पंधरा वर्षे दारे बसवली, पण स्वतःच्या फियाटचे दार त्यांनी कधी उघडले नाही. पगारात ते बसणारे नव्हते, आणि तसे ते कधी बोलूनही दाखवत नसत. फक्त कोणाच्या गाडीत बसले की दार लावल्यावर क्षणभर कान देऊन थांबत. बारा वर्षांपूर्वी ते गेले.

भाच्याने चार गाड्या हेरल्या होत्या. पहिली पुण्यात, १९६४ ची डिलाइट, आरशासारखा रंग, क्रोम झळझळीत. दुसरी अलिबागकडे, '१९७४ ची पद्मिनी' म्हणून सांगितलेली. तिसरी इथलीच, पनवेलच्या एका डॉक्टरांची १९८२ ची, रंग उडालेला पण चालू. चौथी १९९८ ची, खाली गिअर असलेली. पहिलीच्या किमतीत तिसऱ्यासारख्या तीन आल्या असत्या. आणि अर्थातच भाच्याचा जीव पहिलीवर!

मी म्हटले, आधी कागद बघू. पहिलीचा चेसिस नंबर जुळत होता, इंजिन नंबर जुळेना. इंजिन केव्हातरी बदललेले होते. हे काही पाप नव्हे, साठ वर्षांत माणसाचेही गुडघे बदलतात. पण मग किंमत अस्सल १९६४ ची का द्यायची?

दुसरीची कथा अधिक रंजक. पाठीवर 'पद्मिनी' असे ठसठशीत अक्षरांत, पण आरसी बुकात उत्पादनाचे साल १९७२. म्हणजे जन्माने ती प्रेसिडेंट असायला हवी. मधल्या काळात कोणत्यातरी गॅरेजमध्ये नवे नाव चिकटवले असणार. मी भाच्याला म्हटले, "हे बघ, शिलालेखसुद्धा नंतर कोरलेला असू शकतो. म्हणून दगड एकीकडे आणि कागद दुसरीकडे, दोन्ही ताडून पाहायचे." मालकाला आम्ही काही बोललो नाही, तोही बहुधा ऐकीव माहितीच सांगत होता. शिवाय समुद्राच्या हवेने खालचा पत्रा पार खाल्ला होता. या गाडीला वेगळी चेसिस नाही, अंगाचा पत्रा हाच तिचा सांगाडा. इंजिन दुरुस्त होते, गंजलेला तळ धरायला फिटरला जागाच उरत नाही.

इथे एक नवा कायदाही आडवा येतो. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी की गाडीच्या मूळ सांगाड्यात, इंजिनात मोठा फेरफार नसावा. आणि अशी नोंद केली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशाच कामांसाठी रस्त्यावर आणायची. गाडीचा सत्कार होतो खरा, पण शाल-श्रीफळ देऊन घरीच बसवतात. आम्हा निवृत्तांना ही अवस्था ओळखीची आहे! म्हणजे व्हिंटेजचा मान मिळाला असता तर ताईला डॉक्टरांकडे नेणे बंद.

साधी नोंदणी ठेवली तर खर्च आहेच. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेचे पाच हजार झाले, आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांना २०२५ मध्ये दहा हजार. त्यात पेट्रोलची चिंता. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली गेले, आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले मिळते. त्या काळचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरमधले पडदे यासाठी केलेले नव्हते, ते बदलावे लागतात. आमच्या फिटरकाकांनी हे सगळे वहीत लिहून दिले. कोणत्याही सालची घ्या, हा खर्च धरूनच चला, असे त्यांनी बजावले.

राहिल्या दोन. १९९८ ची गाडी चालवायला सर्वांत सोपी होती, हे मान्य. पण भाच्याला मी एवढेच विचारले, "तुझ्या बाबांनी दारे कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत बसवली?" तो म्हणाला, "एकोणसत्तर ते चौऱ्याऐंशी." मग थोडा वेळ तो काही बोललाच नाही. ज्या डिलाइटसाठी तो कर्ज काढायला निघाला होता, ती कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा वडील तिथे लागायचेच होते. शेवटची निघाली तेव्हा ते दारांपाशी नव्हते.

त्याने डॉक्टरांची १९८२ ची घेतली.

तिची दारे मेहुण्यांनीच बसवली असतील का? हे कोणी सांगू शकणार नाही. तिथे अनेक हात होते, पाळ्या होत्या, आणि चाळीस वर्षांत एखादे दार बदललेही असेल. इतिहास असा दाखला देत नाही. तो फार तर म्हणतो की या सालापासून त्या सालापर्यंत हा माणूस तिथे होता, आणि ही वस्तू त्याच काळात तिथून निघाली. एवढ्यावर समाधान मानायला शिकावे लागते. राजे-महाराजांच्या वस्तूंना दाखले मिळतात, शास्त्रीजींच्या मोटारीला स्मारक मिळाले आणि ते योग्यच झाले. पण दारे बसवणाऱ्यांची नावे कोणत्याच गाडीवर कोरलेली नसतात. त्यांच्या वाट्याला येतात ती फक्त साले. म्हणून तर ती नीट सांभाळायची.

तेव्हा कोणी मला विचारले, जुनी फियाट कोणत्या सालची चांगली, तर माझे उत्तर असे. कपाटात ठेवायच्या दागिन्यासारखी हवी असेल तर १९६४ ची शोधा, मात्र इंजिन नंबर पाहून. नावांच्या गमतीत रस असेल तर १९७२ ते १९७४, आणि पाठीवरच्या अक्षरांपेक्षा आरसी बुकावर विश्वास ठेवा. चालवायची असेल तर ऐंशीच्या दशकातली, पत्रा धड असलेली. आणि हे सगळे झाल्यावर स्वतःला एकदा विचारा, की त्या काळात आपल्या घरातले कोण कुठे होते, काय करत होते. बाजारभावात न मावणारे उत्तर तिथे मिळण्याचा संभव असतो.

सनावळ्या कशाला पाठ करायच्या, असे विचारणारी माझी मुले आता पन्नाशी-साठीची झाली आहेत. त्यांना उत्तर द्यायला मला जरा उशीर झाला, एवढेच!